अव्वाची बाज आत कशी आली

मॉरिशस, २ फेब्रुवारी

तीर्थरूप मल्लिनाथअण्णा यांस,

धाकट्या वीरेशचा शरणार्थ. वहिनींना वेगळा शरणार्थ, कारण तुमच्या पत्रात घातलेला त्यांच्यापर्यंत पोचत नाही असा जुना अनुभव आहे. तुमची कंबर, वहिनींची शुगर आणि नांदेडच्या नव्या घराची गळती, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. आम्ही चौघं, म्हणजे मी, उज्वला, आरती आणि अव्वा, सुखरूप आहोत. हातपाय जागेवर आहेत, फक्त माझ्या निळ्या शर्टाची कॉलर गेली. ती कशी गेली हे सांगायलाच हा कागद घेतला आहे. फोनवर सांगितलं असतं, पण एक तर इकडचे टॉवर अजून पुरते उभे राहिले नाहीत, आणि दुसरं म्हणजे तुम्ही ऑफिसात फोन स्पीकरवर टाकता आणि आमच्या घरची हकिकत शेजारच्या चार टेबलांना फुकट ऐकू जाते. ही हकिकत चार टेबलांची नाही. म्हणून शारिकभाईच्या हाती पत्र देतो आहे. (शारिकभाई म्हणजे आमच्या साखर कारखान्यातला वेल्डर, नांदेडचाच, आमच्या शेजारच्या क्वार्टरात एकटा राहतो. बहिणीच्या लग्नाला येतो आहे. त्याला चहा पाजा, पण वादळाबद्दल विचारू नका, तो स्वतःचा भाग वाढवून सांगतो.)

आता मुद्द्याचं. किल्लारीच्या भूकंपाला एकतीस वर्षं झाली, आणि या एकतीस वर्षांत आपली आई एकही रात्र छताखाली झोपलेली नाही, हे मी तुम्हाला सांगावं असं नाही. नव्या गावात मिळालेल्या पक्क्या घरात तिनं ज्वारीची पोती झोपवली आणि स्वतः अंगणात बाज टाकली. पावसाळ्यात वर चार मेढींवर पत्रा, भिंत एकही नाही. पाहुणे आले की आपण हसून सांगायचं, अव्वाला स्लॅबचं भ्या आहे. तुम्ही तिला लातूरच्या डॉक्टरकडे नेलंत, त्यानं झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या घेऊन ती बाहेरच गाढ झोपली. तुमच्या घरभरणीला आली, तीसुद्धा पंगत उठायच्या आत लातूरची बस धरून परत. तेव्हापासून तुम्ही तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलता, हे तिला कळतं, मला कळतं, आणि वहिनींना तर तुमच्याआधी कळलं होतं.

नोव्हेंबरात ती इकडे आली तेव्हा मी ठरवलं होतं, परदेशात आली आहे, नवी हवा आहे, बघू. पहिल्या संध्याकाळी तिनं घर हिंडून पाहिलं, छताकडे मान वर करून बराच वेळ पाहिलं (मी उगीच सिमेंटचा दर्जा वगैरे सांगत होतो), आणि विचारलं, माझी बाज कुठं टाकणार? बाज इथे कुठून आणायची? शेवटी शारिकभाईनं भंगारातल्या पायपांची बाज वेल्ड करून दिली, आम्ही ती नायलॉनच्या दोरीनं विणली आणि मागच्या आंब्याखाली टाकली. तिसऱ्या दिवशी कॉलनीच्या गेटवरच्या माणसानं उज्वलाला फार हळुवारपणे विचारलं, की तुमच्याकडे सासूला घरात घ्यायची पद्धत नाही का? इकडची माणसं मोठी अदबीची, पण तेवढ्या अदबीनं विचारलेलं जास्त लागतं. तेव्हापासून उज्वला रोज सकाळी चहाचा कप घेऊन, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा गोड आवाजात अव्वा, अव्वा करत आंब्यापर्यंत जाते. अव्वाला वाटतं सुनेचा आवाज बेटावर येऊन सुधारला.

मग गेल्या महिन्यात वादळाची सूचना आली. इथे वादळाला इयत्ता असतात, पहिली ते चौथी. पहिलीत बिस्किटं आणायची, दुसरीत शाळा बंद, तिसरीत सगळ्यांनी घरात बसायचं, आणि चौथी लागली की दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. शारिकभाईनं काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या मारल्या, पिंपं भरली, आणि वर छतावरची काळी प्लॅस्टिकची टाकी तारेनं आवळली. (या टाकीचं पुढे येतंय.) अव्वानंही तयारी केली, पण किल्लारीची. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे घरोघरी गाठोडं बांधलेलं असतं. कागदपत्रं, दोन लुगडी, ज्वारीचं पीठ, काडेपेटी, पाण्याचा तांब्या. ते तिनं बांधलं आणि नेऊन ठेवलं मोकळ्या मैदानात, भिंतीपासून चांगलं तीस पावलं लांब. उज्वलानं ते आत आणलं. अव्वानं बाहेर नेलं. दुपारपर्यंत ते गाठोडं सहा वेळा आत आणि सहा वेळा बाहेर झालं, त्यात आमचे चौघांचे पासपोर्ट होते, आणि पाऊस सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथी इयत्ता लागली आणि अव्वा आंब्याखालच्या बाजेवर घोंगडी पांघरून बसलेली. अण्णा, मी साखर कारखान्यात माणसांना वाफेचा दाब समजावून सांगतो. मला वाटलं आपल्या आईला वाऱ्याचा दाब समजावता येईल. मी कॅलेंडरच्या मागे गोल गोल रेघा काढून दाखवल्या, मधे वादळाचा डोळा, म्हणजे मधली शांत जागा, काढला, बाण काढले. तिनं ते सगळं पाहून घेतलं आणि म्हणाली, "वारं घर पाडत नसतंय रं. घर पडतंय ते खालनं." मी म्हटलं, इथे झाडं उपटतात, पत्रे उडतात, माणसं उडतात. ती म्हणाली, मग बाजेला बांध मला. हे ती चेष्टेनं बोलत नव्हती. वारा वाढत चालला होता, आंबा एका बाजूला वाकून पुन्हा सरळ होत होता आणि दर वेळी थोडा कमी सरळ होत होता, आणि माझी आई त्याच्या खाली. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती तेव्हा. उचलून आणावं म्हटलं, तर एकतीस वर्षांत जिला कुणी आत आणू शकलं नाही तिला धरून ओढत नेण्याची छाती होईना.

शेवटी शारिकभाईनं तोड काढली. एक प्लॅस्टिकची खुर्ची घेतली, छत्री घेतली आणि जाऊन तिच्याशेजारी बसला. "अम्मा, तुमी भायेर तर मै बी भायेर. मेरी बहन का शादी हाय पुढच्या म्हयन्यात, बघा मंग." छत्री पहिल्याच मिनिटात गेली. (ती पुन्हा कुणाला दिसली नाही.) दुसऱ्या मिनिटात खुर्ची त्याच्यासकट सरकायला लागली. अव्वा दुसऱ्याच्या लेकराला असं बसू देईल का? उठली, मैदानातलं गाठोडं काखेत मारलं, बाज उचलायला लावली, आणि आली. पण कुठपर्यंत? उंबऱ्यापर्यंत. बाज दारात आडवी, अर्धी आत, अर्धी बाहेर, डोकं आकाशाखाली आणि पाय घरात. दार लागेना. अर्धा तास आम्ही त्या दारात चर्चा केली, आणि तेवढ्या वेळात आमच्या बैठकीच्या खोलीत घोट्याएवढं पाणी, दोन सरडे आणि कुणाचीतरी उजव्या पायाची चप्पल आली. शेवटी अव्वानं एक अट घातली. ती आत यील, पण दाराला कडी लावायची नाही. भूकंपात चौकट वाकते, कडी अडकते, माणूस आत राहतो, हे तिनं पाहिलंय. मी कबूल केलं. दार लोटून त्याला फ्रीज टेकवला, आणि अव्वा दाराशेजारी जमिनीवर बसली. बाजेवर नाही. बाजेवर बसलं तर मुक्काम होईल असं तिला वाटलं असावं.

आणि मग ते आलं. अण्णा, मी त्याचं वर्णन करायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. आपण वारा वारा म्हणतो तो वारा नव्हे हा. आपल्याकडे वैशाखात वावटळ येते, कडबा उडवते, लुगडं उडवते, जाते. हा आला तो गेलाच नाही. आधी शिट्टी, मग घोंगावणं, आणि मग असा एकच खोल आवाज, की तो कानांनी ऐकू येत नव्हता, छातीत होत होता. आम्ही एकमेकांशी बोलत होतो आणि फक्त ओठ हलत होते. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर पाऊस पडत नव्हता, आडवा जात होता. आमच्यासमोर दोन कोस उसाचा फड आहे, बारा महिने हिरवागार. तो माझ्या डोळ्यांदेखत आडवा झाला, मग उलटा आडवा झाला, मग दिसेनासा झाला. भिंतीवर हात ठेवला तर भिंत थरथरत होती. मी इंजिनिअर आहे, पंधरा वर्षं बॉयलरपाशी उभा राहिलो आहे, ताकद म्हणजे काय हे मला माहीत आहे असं समजत होतो. माझं समजणं साफ चुकीचं होतं. माणसानं इतकं लहान व्हायला अधूनमधून हरकत नाही, पण एकदा पुरे.

आता कॉलर. अकराच्या सुमाराला वरची ती काळी टाकी तारेतून सुटली आणि स्लॅबवर आपटली. एकदा, दोनदा, तीनदा. धाड. सगळं घर हललं. छतातून चुना पडला, ताटं मांडणीवरून खाली आली. अण्णा, पुढचं लिहिताना मान वर होत नाही. दोन दिवस आईला घरात थांब, घरात थांब म्हणून डोकं खाल्लेला, कॅलेंडरवर बाण काढलेला हा तुमचा भाऊ एका क्षणात नऊ वर्षांचा झाला. डोक्यात एवढंच, की घर हाललं, बाहेर. मी फ्रीज बाजूला लोटला, दार उघडलं आणि पळालो. बायकोला हाक नाही, आरतीचा हात नाही, कुणालाही न घेता एकटा पळालो. थेट मैदानात, जिथे अव्वानं आधी गाठोडं ठेवलं होतं तिथे, आणि भूकंपानंतर शाळेत शिकवलं होतं तसा दोन्ही हातांनी डोकं धरून उकिडवा बसलो. बसलो म्हणजे काय, वाऱ्यानं मला बसवलं आणि मग ढकलत नेलं. कपडे वाळत घालायचा लोखंडी खांब हाताला लागला, तो धरला. पाऊस तोंडावर खडीसारखा लागत होता. डोक्यावरून एक अख्खा पत्रा गेला, अगदी निवांत, जणू त्याला कुठे घाई नव्हती. घर कुठल्या बाजूला आहे हेच मला कळेना.

मग कुणीतरी कॉलर धरली. अव्वा. बहात्तर वर्षांची बाई, लुगड्याचा काचा मारून, हातापायावर रांगत तीस पावलं आली होती. ती काहीतरी ओरडत होती, तोंड अगदी माझ्या कानाशी आलं तेव्हा ऐकू आलं. "हितं न्हाई! आत! आत!" तिनं मला ओढलं, कॉलर फाटली, मग तिनं केस धरले. (केस फारसे नाहीत हे तुम्ही जाणता, तरी तिला पुरले.) अर्ध्या वाटेवर कमरेला दोरी बांधून शारिकभाई आला, दोरीचं दुसरं टोक उज्वलाकडे आणि आरतीकडे. आम्ही आत पडलो, दार बंद झालं, आणि मला धाप लागलेली असताना, माझ्या पाठीवर गुडघा ठेवूनच अव्वा ओरडली, "कडी लाव! उज्वला, कडी लाव!" उज्वलानं कडी लावली. अव्वा माझ्याकडे वळली. "हितलं मरण वरनं येतंय. आपल्याकडलं खालनं येतंय. एवढंबी कळंना व्हय रं तुला? इंजेनर झालास!" त्यानंतर तिनं मला एक थोबाडीत दिली आणि मग पदरानं माझं डोकं पुसलं. आरतीनं हे सगळं पाहिलं. ती अकरा वर्षांची आहे, म्हणजे हे ती साठ वर्षं तरी सांगणार.

दीडच्या सुमाराला सगळं थांबलं. कमी झालं नाही, थांबलं, कुणी बटण बंद करावं तसं. दार उघडून पाहिलं तर वर निळं आकाश. ऊन! चारी बाजूंना ढगांची उंच गोल भिंत, आणि मधे आम्ही विहिरीच्या तळाशी बसल्यासारखे. एवढी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. मैदानात शे-दोनशे समुद्रपक्षी बसलेले, पांढरेशुभ्र, लांब शेपटीचे, थकून माना टाकलेले, आरती जवळ गेली तरी उडेनात. आंबा होता, पण त्याला एक पान नव्हतं. अव्वानं वर पाहिलं, हात जोडले, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्याही आलं. भीतीनं नाही, अण्णा. एवढं मोठं काहीतरी आपल्याला मधे ठेवून भोवती उभं आहे, आणि त्याला आपली ओळखही नाही, हे पाहिल्यावर दुसरं काय करणार?

शारिकभाई म्हणाला, खतम, आणि स्कूटर बघायला निघाला. मीही निघालो होतो. (मी कॅलेंडरवर स्वतःच्या हातानं डोळा काढला होता, हे त्या वेळी मला आठवलं नाही.) अव्वानं दोघांना दटावून मागे आणलं. त्या पहाटे किल्लारीत पहिला धक्का थांबल्यावर माणसं भांडी, डागदागिने, कागद आणायला परत आत गेली होती आणि दुसऱ्यानं त्यांना गाठलं, हे ती विसरलेली नव्हती. पहिलं थांबलं की फसायचं नसतं, एवढंच म्हणाली. आम्ही आत गेलो, कडी लावली, आणि दहा मिनिटांत ते दुसऱ्या बाजूनं परत आलं, पहिल्याहून मोठं. शारिकभाईची स्कूटर चार दिवसांनी कारखान्याच्या मळीच्या टाकीत सापडली. तो तिच्यावर बसलेला असता.

पुढचे सहा दिवस वीज नाही, नळ नाही, फोन नाही. उसाचा फड चटईसारखा पसरलेला. पलीकडच्या ओळीतल्या सात घरांचे पत्रे गेले, ती माणसं आमच्याकडे. बेटावरचे सगळे गॅस, ओव्हन, फ्रीज यांच्याकडे हताशपणे बघत असताना अव्वानं तीन दगड मांडले, दुसऱ्या फेरीत उन्मळलेल्या आंब्याच्या फांद्या सारल्या आणि भाकरी थापायला बसली. किल्लारीचं ज्वारीचं पीठ, गाठोड्यातलं. गेटवरचा तो अदबीचा माणूस रोज तीन भाकरी खायचा. उज्वलाच्या अब्रूचा प्रश्न तिथेच मिटला.

आणि वादळानंतरच्या पहिल्याच संध्याकाळी अव्वानं स्वतः बाज उचलली आणि आरतीच्या खोलीत, खिडकीशी टाकली. स्लॅबखाली. उज्वला स्वयंपाकघरात जाऊन रडली, मी बाथरूममध्ये जाऊन. एकतीस वर्षांचं भ्या वादळानं एका दिवसात धुऊन नेलं. ते घालवायला जगातलं एवढं मोठं वारं लागलं, पण गेलं, असं मी समजून चाललो आहे.

वहिनींना शरणार्थ. मुलांना आशीर्वाद. आप्पांच्या फोटोला माझ्या वतीनंही विभूती लावा. चूकभूल पोटात घाला, कॉलरची तेवढी घालू नका.

तुमचा,
वीरेश

ता. क. मी पळालो हे किल्लारीत कुणाला सांगू नये. अव्वा सांगणारच आहे, पण निदान दोन साक्षीदार नकोत.

ता. क. दुसरा. आता खरी विनंती. मार्चमध्ये मी अव्वाला घेऊन येतो आहे. ती म्हणते, किल्लारीला जायच्या आधी मल्लिनाथकडे एक रात्र राहीन, घरात. अण्णा, आनंदाच्या भरात सत्यनारायण घालू नका, शेजाऱ्यांना बोलावू नका, मागचं काढू नका. मधल्या खोलीत बाज टाका आणि तिच्यासमोर छताकडे बघू नका, बस्स.

ता. क. तिसरा. हे पत्र आरतीनं अव्वाला वाचून दाखवलं. अव्वा म्हणते सगळं चूक लिहिलंय. तिचे शब्द जसेच्या तसे उतरवतो: "मला छताचं भ्या कवाच न्हवतं. त्या पहाटं म्हैस व्याया झालती म्हनून मी गोठ्यात बाहीर होते, म्हनून या वीरेशला दगडाखालनं काढता आलं. समदी आत असतो तर कोन काढलं असतं? तुमच्या आप्पाची हाक दोनदा आली, मी पोचस्तवर तिसरी आली न्हाई. तवापास्नं मी बाहीर झोपते. एक मानूस बाहीर लागतंय. हितं बाहीर राहून कुनाला काढता येत न्हाई, म्हनून मी आत आले. तिकडं तसं चालायचं न्हाई. आता माझ्यानं दगड उचलत न्हाई. मी मल्लिनाथच्या घरात झोपते, मल्लिनाथला अंगनात झोपाय सांग." मी विचारलं, अव्वा, मी येतोच आहे तर मी झोपतो की बाहेर. ती म्हणाली, तू पळतूस. मग म्हणाली, त्या पहाटे मल्लिनाथ नांदेडला शिकायला होता, त्याचा काही दोष नव्हता, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. तर अण्णा, गाडी गल्लीत लावा आणि अंगणात बाज टाका. कंबरेचं मी तिला सांगितलं, तिनं मनावर घेतलं नाही. फार लांब टाकू नका म्हणाली. आतून हाक मारली तर ऐकू यील एवढ्यावरच.